गाडीचं पॅनल घरी रंगवायचंय? आधी स्प्रे गन सेट करायला शिका

माझ्या पहिल्या बॉनेटवर चाळीसच्या वर डोळे होते. मोजले होते मी. माशाचे डोळे म्हणतात त्यांना. रंग बसतो, पण मध्येच टाचणीच्या डोक्याएवढी गोल जागा सोडून बाजूला सरकतो आणि त्या गोलातून खालचा प्रायमर आपल्याकडे बघत बसतो. गाडी जुनी मारुती ८००, रंग साधा पांढरा. पत्रा तीनदा घासला, तीनदा पुसला, तिन्ही वेळा डोळे. गनला शिव्या घालून झाल्या, रंगाला घालून झाल्या, मग गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बॉनेटकडे नुसती नजर टाकली आणि सरळ कॉम्प्रेसरपाशी गेले. भिंतीवरच्या फिल्टरशेजारी एक छोटी पारदर्शक वाटी होती, तिला टिचकी मारली आणि विचारलं, "ह्यात त्याल कुणी वतलंय?"

मीच ओतलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून हौसेनं 'एफआरएल' आणलं होतं, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर असं तीन तुकड्यांचं जोडकाम. त्यातला लुब्रिकेटर हवेवर चालणाऱ्या पान्यांसाठी आणि ग्राइंडरसाठी असतो. जाणाऱ्या हवेत तेलाचे बारीक तुषार सोडणं हेच त्याचं काम, आणि ते तो इमानेइतबारे करत होता. रंगाच्या लाइनला फक्त पहिले दोन तुकडे लागतात. दुकानात गेलात तर 'एफआर' मागा, तिसरा तुकडा फुकट दिला तरी घेऊ नका.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी हवा, मग गन, रंग सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमका उलटा जातो. रंगाचा डबा आधी आणतो, मग गन, आणि हवेचा विचार डोळे दिसल्यावर करतो. इथे माझ्याच क्रमानं सांगतो. फक्त दोन गोष्टी त्याच्याही आधी उरकू, कुठला रंग आणि कुठली जागा.

कुठला रंग घरी मारायचा, कुठला नाही

हल्ली गाड्यांना जो पक्का रंग लावतात तो दोन डब्यांचा असतो, रंग आणि हार्डनर. पीयू किंवा टू-के म्हणतात त्याला. वरून मारायचं पारदर्शक क्लिअरही बहुतेक याच जातीचं. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली की पुढे नखभर वासानंही धाप लागते. त्यात आणखी एक फसवणूक आहे. वास येईपर्यंत नाकाला घातक मात्रा मिळून गेलेली असते, त्यामुळे 'वास नाही म्हणजे काही नाही' हा हिशेब इथे चालत नाही. त्यासाठी बाहेरून ताजी हवा नळीनं आत घेणारा मास्क लागतो. परड्यात पहिल्यांदा गन हातात घेणाऱ्यानं टू-केच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेटॅलिक रंग आणि क्लिअर करायचं असेल तर पॅनल घासून, प्रायमर मारून तयार करा आणि शेवटचं काम बूथवाल्याकडून करून घ्या. पैसेही बऱ्यापैकी वाचतात.

शिकायला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग बरा. जुनी माणसं त्यालाच सरसकट 'ड्युको' म्हणतात. तो फक्त थिनर उडून सुकतो आणि सुकल्यावरही थिनरनं परत विरघळतो. म्हणजे चूक झाली तर घासा आणि त्याच संध्याकाळी परत मारा. टिकाऊपणात आणि चकाकीत तो पीयूच्या मागे आहे, पेट्रोल सांडलं तर डाग धरतो, पण हात बसवायला याच्याइतका क्षमाशील रंग दुसरा नाही.

एनसीलाही मास्क लागतोच. तोंडाला बांधलेला रुमाल आणि एन-९५ दोन्ही थिनरच्या वाफेपुढे कुचकामी, ते धूळ अडवतात, वाफ नाही. दोन बाजूंना कोळशाची डबी असलेला, सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क घ्या. काम झालं की त्या डब्या हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर त्या कपाटात बसल्या बसल्या भरतात. डोळ्यांना गॉगल, हाताला नायट्राइलचे मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट.

जागा

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून आजूबाजूला बघा: परड्यातला पाणी तापवायचा बंब, स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा, देवघरातला दिवा, गाडीची बॅटरी. कॉम्प्रेसरच्या प्रेशर स्विचलाही चालू-बंद होताना ठिणगी पडते, तो भिंतीच्या पलीकडेच असावा. घरातला साधा एक्झॉस्ट फॅन या वाफेच्या वाटेत लावायचा नाही. आणि एनसीची जमिनीवर पडून सुकलेली भुकटी झपकन पेटते, ती रोजच्या रोज ओली करून झाडून काढा.

आपल्याकडचं एक खास दुखणं म्हणजे काजळी. गळिताच्या दिवसांत शेतात पाचट पेटतं, गुऱ्हाळाच्या धुराड्यातून चिपाडाची काजळी उडते आणि ते काळे तुकडे वाऱ्यावर तरंगत नेमके ओल्या रंगावर उतरतात. गाव सोडून शहरात राहता म्हणून सुटका नाही. आमच्या गच्चीवर दिवाळीनंतर सकाळी हमखास सापडतात. रंगाच्या दिवशी सकाळी एक पांढरा कागद बाहेर ठेवा, तासाभरानं बघा. काळं पडलेलं दिसलं तर त्या दिवशी पॉलिश पेपरनं घासायचं काम काढा.

शेडमध्ये रंगवणार असाल तर तासभर आधी अंगणात घालतो तसा जमिनीवर सडा घाला. धूळ बसते. पाण्याचं थारोळं मात्र नको, आणि वायर आधी वर टांगा.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात एनसी मारणं म्हणजे स्वतःची परीक्षा बघणं. थिनर झपाट्यानं उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि रंग दुधाळ होतो. सावकाश उडणारं रिटार्डर थिनर थोडं घालून सुधारणा होते, पण पहिल्या वर्षी पावसाळा सोडूनच द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन ही माझी आवडती वेळ.

हवा: इथेच सगळी गंमत आहे

गन विकत घेताना दोन आकडे बघायचे असतात, दाब आणि हवेचं माप. दाब पीएसआय किंवा बारमध्ये लिहितात (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय). सगळे दाबाकडे बघतात. खरा प्रश्न मापाचा असतो, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागते. त्याला सीएफएम म्हणतात. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप १०० पीएसआय दाखवेल, पण गनचा चाप ओढला की दोन सेकंदांत गळपटेल.

ढोबळ हिशेब असा: कॉम्प्रेसर एका एचपीला ३ ते ४ सीएफएम हवा देतो. पाटीवर कधी कधी पिस्टन किती हवा ओढतो तो मोठा आकडा छापतात. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून कमी असते, तोच आकडा विचारा. आता गनकडे या. एचव्हीएलपी (हवा जास्त, दाब कमी) जातीची गन रंग कमी उडवते, निम्म्याहून बराच जास्त रंग पत्र्यावर बसवते, पण तिला १० ते १४ सीएफएम लागते. म्हणजे ३ एचपीच्या खाली तिचं पोट भरत नाही. घरी साधारण २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर असतो. त्याला ४ ते ६ सीएफएमवर चालणारी एलव्हीएलपी (हवाही कमी, दाबही कमी) गन शोभते, किंवा मडगार्डसारख्या लहान कामाला मिनी गन. मिस्त्री लोक वापरतात ती खाली डबा लटकवलेली जुन्या पद्धतीची गन जास्त दाबावर चालते आणि निम्म्याहून जास्त रंग हवेत घालवते. त्यांचा हात बसलेला असतो, आपला नाही.

२ एचपीची मोटर सुरू होताना जोराचा करंट खेचते. तिला १५ अँपिअरचं सॉकेट द्या. दहा मीटरचं बारीक एक्स्टेंशन लावलं तर मोटर घुरघुरते, गरम होते. वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. नळीचं आतलं भोक किमान ८ मिमी हवं, १० असेल तर उत्तम. बारीक नळी दाब खाते.

आता पाणी. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि तापलेल्या हवेत ओल वाफेच्या रूपात लपून राहते. फिल्टर फक्त थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. म्हणून टाकीच्या तोंडाशी बसवलेला फिल्टर कोरडा दिसतो आणि पाणी पुढे नळीत थंड होऊन गनमधून बाहेर येतं. फिल्टर टाकीपासून पाच-सात मीटर लांब बसवा, हवा निवल्यावर. मधल्या तुकड्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं करून ते पाण्याच्या बादलीत बुडवलं तर आणखी चांगलं. माझं हे वेटोळं जुन्या फ्रिजवाल्याकडून आणलेल्या नळीचं आहे, दिसायला गबाळं, काम चोख. नळी आत पूर्ण कोरडी आणि तेलविरहित करून घ्या एवढंच.

टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडायचा. पहिल्यांदा उघडलात तर चहाच्या रंगाचं पाणी येईल. घाबरू नका, लाज वाटू द्या.

शेवटी रेग्युलेटर. चाप सोडून ठेवलेला असताना काटा ४० दाखवत असेल तर चाप ओढल्यावर तो ३० वर येतो. रंगाला कामाला येतो तो दुसरा आकडा. म्हणून दाब नेहमी चाप पूर्ण ओढून, हवा वाहत असताना लावायचा. गनच्या मुठीखाली छोटा गेज मिळतो, तो बसवा. भिंतीवरचा गेज नळीच्या त्या टोकाची गोष्ट सांगतो, आपल्याला या टोकाची हवी असते.

गन उघडून बघा

नवी गन थेट वापरायची नाही. कारखान्यातलं तेल आत असतं. समोरची एअर कॅप हातानं काढा. मग मागचा नॉब पूर्ण सोडून स्प्रिंग आणि सुई बाहेर घ्या, आणि त्यानंतरच पान्यानं नोझल सोडा. सुई आत असताना नोझल फिरवला तर सुईचं टोक आणि नोझलची बैठक दोन्ही जातात. सगळं थिनरनं धुवा, कोरड्या हवेनं उडवा, उलट क्रमानं जोडा: आधी नोझल घट्ट, मग सुई. सुईच्या पॅकिंगचा नट बोटानं आवळून वर थोडासाच. जास्त आवळलात तर सुई परत यायला आळस करते आणि चाप सोडल्यावरही रंग गळतो.

नोझलचं माप कामाप्रमाणे. घट्ट सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा जाड प्रायमर) किंवा प्रायमरला १.७ ते २.० मिमी, रंगाला १.३ किंवा १.४, मिनी गनला ०.८ ते १.०. एकच गन घ्यायची ऐपत असेल तर १.४ घ्या आणि प्रायमर थोडा पातळ मारा. दोन घेता आल्या तर स्वस्तातली प्रायमरला ठेवा. प्रायमर कुठल्याही गनची रया घालवतो.

गनला तीन नॉब असतात. मागे सुईच्या रेषेत असतो तो रंगाचा, म्हणजे सुई किती मागे जाईल ते ठरवणारा. त्याच्या वर किंवा बाजूला पंख्याचा, फवारा गोल की लांबट ते ठरवणारा. मुठीच्या खाली हवेचा. सुरुवात अशी करा: हवेचा पूर्ण उघडा, पंख्याचा पूर्ण उघडा, रंगाचा पूर्ण बंद करून अडीच फेरे सोडा. दाब माहितीपत्रकात लिहिलेला. पत्रक हरवलं असेल तर एचव्हीएलपीला मुठीपाशी २६ ते २८ पीएसआयपासून सुरुवात करायला हरकत नाही.

चाप दोन टप्प्यांत चालतो हे बोटाला शिकवा. अर्धा ओढला की नुसती हवा, पुढे ओढला की रंग. रिकाम्या गननं पाच मिनिटं भिंतीवर खेळा.

रंग पातळ करणं

डब्याच्या तळाशी रंगाचा गाळ बसलेला असतो. चपट्या पट्टीनं तळ खरवडून ढवळा, गोल काडीनं नुसतं गरगर फिरतं. एनसीला थिनर भरपूर लागतो, डब्यावर बहुधा रंगाच्या बरोबरीनं किंवा जास्तच लिहिलेलं असतं. अंदाजानं ओतू नका. तळाला भोक असलेला बी-४ कप रंगाच्या दुकानात मिळतो. भोकावर बोट ठेवून तो काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. किती सेकंद हवेत ते रंगाच्या पत्रकावर असतं. कपाची सवय लावून घ्या, कारण डिसेंबरातल्या सकाळी आणि एप्रिलमधल्या दुपारी तेच प्रमाण वेगळं वाहतं.

एप्रिल-मेमध्ये सावकाश उडणारं थिनर घ्या, थंडीत मध्यम. झटकन उडणारं वापरलंत तर उन्हाळ्यात रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि पॅनल पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं.

डब्यात ओतताना कागदी गाळणीतून गाळा. जुन्या ओढणीतून गाळू नका, तंतू सुटतात. डबा पाऊणच भरा आणि झाकणाचं हवेचं बारीक भोक मोकळं आहे ना ते बघा. ते बुजलं की रंग अडखळत येतो आणि माणूस तासभर गन उघडझाप करत बसतो.

फ्लेक्सवरची चाचणी

पॅनलवर पहिला फवारा मारायचा नाही. वर्तमानपत्रावरही नाही, तो कागद रंग पितो आणि थेंब लपवतो. कोल्हापुरात यावर फार सोयीचा माल मिळतो: जुना फ्लेक्स. कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा, पाठ पांढरी असलेला. तो उलटा करून भिंतीला ताणून लावा. गुळगुळीत असतो, रंग पीत नाही, आणि भाऊंचे वाढदिवस दरवर्षी येतात.

गन फ्लेक्सपासून एक वीत, किंचित कमी, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. काटकोनात धरा. चाप पूर्ण ओढा, एक सेकंद, सोडा. आता जवळ जाऊन बघा. हवा तो आकार उभ्या लांबट अंड्याचा, वीतभर उंच, आत सगळीकडे सारखा ओला आणि कडांना हळूहळू विरळ होत जाणारा.

दाब शोधायला मी अशी शिडी करतो. १५ पीएसआयला एक फवारा, त्याच्या शेजारी २० ला, मग २५, मग ३०. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा. मग भिंगानं किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यानं कडेचे थेंब बघायचे. १५ ला ते मोहरीएवढे जाड दिसतात, मध्ये जाळं पडतं. २० ला रव्यासारखे. २५ ला पिठासारखे. ३० ला पिठासारखेच, फक्त भोवतीचं धुकं वाढलेलं. म्हणजे माझ्या गनला, त्या रंगाला, त्या दिवशी २५. थेंब आणखी बारीक होत नाहीत तिथे थांबायचं, पुढचा दाब नुसता रंग हवेत उडवतो. चांगल्या गनचा अर्थ काय तर ही शिडी लवकर संपते.

दुसरी चाचणी आडवी. एअर कॅपला दोन शिंगं असतात. कॅप पाव फेरा फिरवून शिंगं वर-खाली आणा, फवारा आडवा पडेल. चाप तसाच ओढून धरा, रंगाचे ओघळ उतरू द्या. सगळे ओघळ साधारण सारख्या लांबीचे आले तर गन जुळली. मधलेच लांब आले तर मध्ये रंग जास्त पडतोय: रंग घट्ट आहे, किंवा दाब कमी, किंवा रंगाचा नॉब जास्त उघडा. दोन्ही टोकांचे लांब आणि मधले आखूड आले, म्हणजे फवारा डंबेलसारखा फाटला, तर उलट: दाब जास्त, किंवा रंग फार पातळ किंवा कमी. पंख्याचा नॉब थोडा आवळूनही फाटलेला फवारा जुळतो. एका वेळी एकच नॉब फिरवा आणि दर वेळी नवा फवारा मारा. तिन्ही नॉब एकदम फिरवणाऱ्याला काय बिघडलं आणि काय सुधारलं हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

फवारा केळ्यासारखा वाकला किंवा एकाच बाजूला जड झाला तर कुठेतरी भोक बुजलंय. कुठे, हे शोधायची युक्ती सोपी आहे. कॅप अर्धा फेरा फिरवा. वाक उलट्या बाजूला गेला तर कॅपचं भोक बुजलंय, तिथेच राहिला तर नोझल घाण आहे. गन थुंकत असेल, फट फट करत असेल, तर रंगाच्या वाटेत हवा शिरतेय: नोझल ढिला, पॅकिंग कोरडं, किंवा डब्यात रंगच संपत आलाय.

जुळलेले आकडे वहीत लिहा. दाब, किती फेरे, किती सेकंद, कुठलं थिनर, तारीख, हवा कशी होती. माझ्या वहीत एका पानावर नुसतं 'आज नको होतं' असं लिहिलंय, तेही उपयोगी पडतं.

हात

पहिलं पॅनल भंगारातून आणा. जुनं दार, स्कूटरचं मडगार्ड, काहीही. दार सोडवून तिरपं उभं करा. उभ्या पत्र्यावर ओघळ लवकर सुटतात. प्लास्टिकचा बंपर पहिल्या दिवशी घेऊ नका, त्याला वेगळा प्रायमर लागतो.

पत्र्याची तयारी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढंच: लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि सरफेसर झाल्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुकं किंवा ८०० च्या पेपरनं ओलं घासून सारखं करा. मग ग्रीस काढायच्या द्रावणानं ओलं फडकं एका हातात, कोरडं दुसऱ्या हातात, ओलं आहे तोवर कोरड्यानं टिपून घ्या. तसंच वाळू दिलं तर मेण परत पत्र्यावरच बसतं. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायचे स्प्रे त्या दिवशी शेडच्या आसपासही नकोत, त्यातलं सिलिकॉन माशाचे डोळे आणतं. काचांना आणि कडांना मास्किंग टेप, त्यावर कालचं वर्तमानपत्र, पण दुहेरी. एकेरी कागदातून थिनर झिरपतं.

आता गन. मनगट वळवायचं नाही, पूर्ण हात खांद्यातून सरकवायचा. मनगट वळलं की गन टोकांना लांब आणि मध्ये जवळ येते, रंग मध्ये थापला जातो. हवा पॅनलच्या बाहेर सुरू करा, कडेला पोचताना रंग सोडा, पलीकडची कड ओलांडली की रंग बंद. वेग सेकंदाला फूटभर. पुढचा पट्टा मागच्यावर निम्मा चढवा. त्यासाठी गनचा नेम मागच्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर धरा.

पहिला हात पुसट. पत्रा पूर्ण झाकायचा मोह आवरा, खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. हा हात पुढच्यांना धरायला असतो, आणि डोळे येणार असतील तर इथेच दिसतात. दहा मिनिटं थांबा. बोट मास्किंगच्या टेपवर टेकवून बघा, पॅनलवर नाही. चिकट तार सुटत नसेल तर दुसरा हात, जरा ओला. मग तिसरा.

ओला म्हणजे किती, हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण उजेडात दिसतं. पॅनलच्या पलीकडे एक ट्यूबलाइट उभी ठेवा, वाफेपासून लांब, आणि तिचं प्रतिबिंब बघत गन चालवा. गन पुढे सरकली की मागे रंग आधी बारीक दाणेदार दिसतो, मग क्षणभरात ते दाणे एकमेकांत मिसळतात आणि ट्यूबची रेष सरळ होते. रेष सरळ झालीच नाही, खवलेदार राहिली, तर संत्र्याची साल आली: जवळ जा, किंवा हळू चला, किंवा रंग अजून पातळ हवा. रेष सरळ होऊन पुढे लोंबायला लागली तर ओघळ आला. ओघळाला ओल्यात हात लावू नका. पूर्ण वाळला की कडक ठोकळ्यावर ८०० चा पेपर लावून तेवढाच उतरवा आणि परत मारा. एनसी आहे, माफ करतो.

एका दाराला एका हाताला साधारण दीडशे मिली तयार रंग लागतो. तीन हातांचा एकदमच बनवून ठेवा, मध्येच नवीन मिसळला तर छटा हलते.

धुणं

चहा नंतर. आधी गन. उरलेला रंग काढा, डब्यात थोडं थिनर घालून हलवा, फडक्यात फवारा. दोनदा. मग कॅप, सुई, नोझल काढून मऊ ब्रशनं. कॅपच्या भोकांत तार किंवा पिन घालायची नाही, भोक ओरखडलं की फवारा कायमचा वाकडा. दात कोरायची लाकडी काडी किंवा केरसुणीचं मऊ टोक पुरतं. आख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती नको, आतली पॅकिंगं फुगतात. पुसून झाल्यावर सुईला आणि आट्यांना बोटावरचं किंचित व्हॅसलीन.

घाण थिनर गटारात ओतू नका, आपली गटारं जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जातात. झाकणाच्या धातूच्या डब्यात साठवा. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं निवळ थिनर पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. आमच्याकडे ते काही दिवस कोकम सरबताच्या बाटलीत होतं, सांगलीहून आलेल्या आत्यांनी झाकण उघडून वास घेईपर्यंत.